दीडपट चाचणी

डोंगरावरून, ६ जानेवारी

प्रिय मामा,

पोचले. जीप वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. वेधशाळेत सगळं होतं तसं आहे: वारा, साहेब, न तापणारा हीटर. फोन इथे लागत नाही. रेडिओवर फक्त हवामान बोलायचं. त्यामुळे आठवड्याला रसदीची जीप येते, तिच्याबरोबर हे पत्र.

मागच्या खोलीत ठेवलेला माझा कॉम्प्युटर चालू आहे ना? बंद करू नका. इथली वीज उपकरणांनाच पुरत नाही, म्हणून तो तुमच्याकडे. त्याच्यावर वाऱ्याचे नकाशे तयार होताहेत. एकेका नकाशाला वीसेक मिनिटं लागतात आणि नकाशे हजारो आहेत. ३१ मार्चपर्यंत सगळे हवेत. ह्या चालीने एप्रिल उजाडेल.

म्हणून त्याची चाल वाढवायची आहे. काम तुम्हीच करू शकता, कारण मामी केकमध्ये गुंतलेली असते आणि बोका ऐकत नाही. कॉम्प्युटर बंद करून सुरू करा. सुरू होताना डिलीट हे बटण दाबत राहा. निळा पडदा येईल. त्यात प्रोसेसरपुढे दोन आकडे असतील. प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप. पहिला आकडा तिच्या गतीचा, त्याला पट म्हणतात. ३६ आहे, ३८ करा. दुसरा व्होल्टेजचा, म्हणजे विजेच्या दाबाचा. १.२० आहे, १.२२ करा. बाकी कशालाही हात लावू नका. काम थांबलं होतं तिथून आपोआप पुढे सुरू होईल.

तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं. ऐंशीच्या आत असलं तर उत्तम. पंच्याऐंशी झालं तर एक पायरी खाली या. नव्वदला बंद करा. आणि व्होल्टेज १.३० च्या वर न्यायचं नाही.

मामीला सांगा, हातमोजे विसरले.

तुमची,
भिंगरी

घरून, १४ जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. नाही.

उभी हयात बॉयलर तपासण्यात गेली. जास्त चाल मागणारे तीन प्रकारचे लोक भेटले: मालक, मालकाचा मेहुणा आणि ज्याला काही कळत नाही असा. तू कशात बसतेस ते कळव.

प्रत्येक बॉयलरवर एक पितळी पट्टी असते. तिच्यावर कमाल दाब कोरलेला असतो आणि शेजारी तपासणाऱ्याचा शिक्का. त्या आकड्याच्या वर कोणी जात नाही. गेला तर पुढच्या वर्षी सांगायला येत नाही. तुझं यंत्र मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. एकच कागदी पट्टी सापडली. ‘ही काढल्यास हमी संपेल’ असं तिच्यावर लिहिलं आहे. ज्याची हमी कागदाने संपते त्याला मी दाब वाढवून देणार नाही.

एका गिरणीत सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसायचा, म्हणून भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनने त्याच्यावर वीट बांधली होती. मी म्हटलं, “हे काय?” म्हणाला, “साहेब, झोपमोड होते.” त्याच्या आवाजात तू लिहिलं आहेस.

प्रश्न: १.३० हा आकडा कोणी ठरवला? ह्या यंत्राचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे? फुटलं तर कोणत्या दिशेला फुटतं? शेजारी स्वयंपाकघर आहे.

हातमोजे पाठवले आहेत.

तुझा मामा
(निवृत्त बॉयलर निरीक्षक)

कडेला मामी: ह्यांनी त्या खोलीला ‘विनापरवाना प्रवेश बंद’ अशी पाटी लावली आहे. झाडायला गेले तर म्हणतात, “काम काय?” तुझ्या यंत्राशेजारी ठेवलेलं पीठ फार सुंदर फुगतं. काहीही कर, ते बंद करू नको.

डोंगरावरून, २१ जानेवारी

प्रिय मामा,

मी चौथ्या प्रकारात बसते: भाची.

पट्टीचं असं आहे. चिप बनवणारा एका साच्यातून लाखो चिप काढतो. त्यातल्या सगळ्यात मठ्ठ चिपला झेपेल तो वेग सगळ्यांवर लिहितो. ढ मुलाला जमेल एवढाच गृहपाठ अख्ख्या वर्गाला. आपली चिप हुशार आहे की नाही, ते पायरी-पायरीने चढवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. शंभर डिग्री झाले की चिप आपली आपण हळू चालते. तरीही भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. त्यामुळे उष्णतेने सहसा जीव जात नाही. पण व्होल्टेजला असा व्हॉल्व्ह नाही. उष्णता ओरडून मारते, व्होल्टेज गुपचूप. चिप थंडगार ठेवली आणि व्होल्टेज जास्त दिलं तरी ती आतून झिजत जाते. शिवाय व्होल्टेज थोडं वाढलं की उष्णता बरीच वाढते. दुप्पट केलं तर चौपट. १.३० कोणी ठरवलं? माझ्यासारख्या पुष्कळ लोकांनी, आपापल्या चिप जाळून. दुसऱ्या जातीच्या चिपचा आकडा वेगळा असेल. हिचा हा.

फुटत नाही. मामीचं स्वयंपाकघर सुखरूप आहे.

ठीक आहे, काही वाढवू नका. नुसतं तापमान वाचून कळवा. वाचायला परवाना लागत नाही.

भिंगरी

घरून, ३० जानेवारी

चि. भिंगरी,

तापमान वाचलं. शंभर. काहीही न वाढवता. पट ३६ चा असताना यंत्र २८ ने चालत होतं. म्हणजे तुझा सेफ्टी व्हॉल्व्ह अष्टौप्रहर उघडा होता आणि तू वरून आणखी कोळसा टाकायला सांगत होतीस.

यंत्र बंद केलं. बाजूचं झाकण काढलं. चिपच्या वर पंखा आहे, त्याच्या खाली पातळ पत्रे. त्या पत्र्यांमध्ये बोका होता. संपूर्ण नव्हे, पण जमवला तर दुसरा होईल इतका.

केस काढले. पत्रे उचलले. खाली चिपवर राखाडी मलम होतं, वाळून त्याची खपली झालेली. तिला पाहून बरं वाटलं. बॉयलरच्या नळ्यांवर अशीच खपली धरते. उष्णता अडते, कोळसा जास्त जातो आणि मालक म्हणतो, बॉयलर म्हातारा झाला. पुसून काढली. मामीने लोणी सुचवलं. तुझ्या खोक्यात मलमाची नवी नळी निघाली, तिच्यावर लिहिल्याप्रमाणे वाटाण्याएवढं लावलं.

तापमान अडुसष्ट. पट ३६.

मग ३८ करून पाहिलं. मग ३९. यंत्राचा आवाज बदलला. आवाज चांगला आहे. शेवटी ४० आणि १.२५. शहात्तरवर थांबलं आहे. तुझ्या सूचनेबाहेर गेलो, मर्यादेबाहेर गेलो नाही.

आता दुसरं. तुझा वाऱ्याचा नकाशा पडद्यावर पाहिला. त्यात बॉयलर आहे. बॉयलरला एक टकला माणूस हातोडीने ठोकतो आणि कान लावतो. हा कोणता वारा?

शिवाय त्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. दाबाच्या काट्यावर लाल रेघ नाही. भट्टीचं दार उघडताना फायरमन दाराच्या समोर उभा आहे. दार उघडताना बाजूला उभं राहायचं असतं. समोर उभा राहणारा फायरमन एकदाच उभा राहतो.

खुलासा करावा.

मामा

कडेला मामी: माणूस हुबेहूब आहे. पोट कमी काढलंस. तेवढी माया असू दे.

डोंगरावरून, ७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सापडले.

ती फिल्म आहे. पाच मिनिटांची, हलत्या चित्रांची. चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेत प्रवेशासाठी पाठवायची आहे. शेवटची तारीख ३१ मार्च. पुढच्या वर्षी माझं वय त्यांच्या नियमात बसत नाही, म्हणजे ही एकच खेप.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण ही नोकरी तुम्ही दहा ठिकाणी शब्द टाकून मिळवून दिलीत. कायमची, निवृत्तिवेतनाची. इथे मी पर्जन्यमापक बघते. पाऊस नसला की शून्य लिहिते. नोकरी वाईट नाही. पण शून्य लिहायला मीच लागते असं नाही.

आठवतं का, मी एवढीशी असताना तुम्ही मला एका कारखान्यात नेलं होतं. बॉयलरवर हातोडी मारून म्हणालात, “ऐक. खोटं बोलतोय का बघ.” मी ऐकलं. मला वाटलं, खरंच बोलतोय. तेवढीच फिल्म आहे. जास्त काही नाही.

चुका खऱ्या आहेत. पण संस्थेच्या समितीत सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे असतो हे कोणाला माहीत असणार? सोडून द्या. सोडवत नसेल तर सोबत पेनड्राइव्ह आहे. माझ्या छोट्या लॅपटॉपवर दृश्यं दुरुस्त केली आहेत. ती घेतली तर फिल्मचा चौथा हिस्सा पुन्हा काढावा लागेल. त्याला पट ४२ हवा आणि व्होल्टेज १.२८. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर.

तुम्ही ठरवा. रागावला असाल तर तसं लिहा. नुसतं “बरं” असं लिहू नका.

भिंगरी

घरून, १६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

खुलासा मिळाला. नोकरीविषयी आज लिहीत नाही. तुझी मामी म्हणते, लिहू नका. आणि माझ्याजवळही लिहिण्यासारखं काही तयार नाही.

फिल्मविषयी. समितीला कळणार नाही, हे कारण होऊ शकत नाही. मला कळेल.

दुरुस्त दृश्यं पाहिली. व्हॉल्व्ह योग्य जागी आहे. लाल रेघ आहे. फायरमन बाजूला सरकला आहे. डाव्या अंगाला पत्रे जोडणारी एक रिव्हेट कमी पडते, ती सोडतो.

राहिला पट ४२. काठावर चालवायचं तर आधी चाचणी झाली पाहिजे. आमचा नियम सोपा आहे. रोजच्या दाबाच्या दीडपट दाब एकदा देऊन पाहायचा. टिकला तर शिक्का. पट्टीवरचा आकडा १.२०, त्याची दीडपट १.८०. १.३० च्या वर जायचं नाही असं तू लिहिलं आहेस, ते रोजच्या चालवण्याबद्दल, हे मी समजून आहे. चाचणी वेगळी.

उद्या सकाळी घेतो. मामीला आणि बोक्याला अंगणात पाठवीन. काळजी नसावी.

मामा

डोंगरावरून, २२ फेब्रुवारी

मामा,

नको. नको. नको.

तुमचं पत्र हाती आलं तेव्हाच तुमची ती “उद्या सकाळ” होऊन गेलेली होती. कळतंय मला. तरी लिहिते.

दीडपट चाचणी लोखंडाची. तुम्ही बॉयलरमध्ये थंड पाणी भरून दाब देता. आग नसते, वाफ नसते, चुकलं तर नुसतं गळतं. चिपमध्ये थंड पाणी भरता येत नाही. इथे दाब हीच आग. ही चिप १.४० ला आजारी पडते. १.५० ला अंथरूण धरते. १.८० कोणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण देणारा ते कोणाला सांगत नाही.

काल सकाळच्या हवामान संदेशात मी घुसवलं: “वारा ईशान्येचा, आकाश निरभ्र, मामा दीडपट नको.” खालून विचारणा झाली, “मामा हे नवीन उपकरण आहे का?” साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे.

घेतलीत का चाचणी? फक्त हो की नाही लिहा.

भिंगरी

घरून, २४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

इकडे सर्व ठीक. हवा कोरडी आहे. मामीला केकची मोठी ऑर्डर आहे. बोक्याची प्रकृती चांगली आहे.

यंत्र शांत आहे. तापमान उत्तम. बावीस.

विशेष काही नाही. तिकडे थंडी कशी आहे? तुमच्या वेधशाळेत बढती साधारण किती वर्षांनी मिळते?

मामा

घरून, २८ फेब्रुवारी

भिंगरी बाळा,

ह्यांनी तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. पण बोक्याची प्रकृती लिहिली असेल तर समज, काहीतरी लपवलंय.

त्या दिवशी मी आणि बोका अंगणात. ह्यांनी जुना खाकी कोट चढवला होता. खिडकीतून ओरडले, “दाब देतोय!” मी म्हटलं, “द्या.” पडदा एकदा चमकला आणि काळा झाला. मग काही नाही. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. हे बाहेर आले, पायरीवर बसले. मी विचारलं, “टिकलं का?” म्हणाले, “गळलं नाही.”

त्यानंतर आठवडाभर घरात सुतक. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, मला नंतर कळलं. ह्यांनी ती तशीच संपवली. त्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. एकदा चमच्याने यंत्राला ठोकून कान लावताना पाहिलं. मी म्हटलं, “काय म्हणतंय?” म्हणाले, “खोटं बोलत नाही. बोलतच नाही.” मग म्हणाले, “पोरीची एकच खेप होती गं.”

परवा माझा वजनकाटा बंद पडला. ऐन ऑर्डरीत. आत तो चपटा, रुपयासारखा सेल असतो. दुकानं बंद. यंत्राचं झाकण उघडंच होतं, बघते तर आत तस्साच सेल. म्हटलं, मेलेल्याला काय करायचाय? काढला. केक झाले. माणसं घेऊन गेली.

संध्याकाळी ह्यांनी सवयीने बटण दाबलं. आणि पडदा उजळला! तो कुठलंसं जुनं साल दाखवून विचारत होता, आजची तारीख काय. बिचाऱ्याला वाटत होतं, तुझी शाळा अजून सुटायची आहे. हे इतक्या जोरात ओरडले की बोका कपाटावर.

“काय केलंस तू?”

“काही नाही. सेल काढला.”

“सेल काढल्याने यंत्र सुरू होत नसतं.”

“मग तुमच्या कोटाने झालं असेल.”

दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून नवा सेल आणून यंत्रात बसवला, आणि तारीख घातली. पट पुन्हा ३६ आहे म्हणतात. त्याला हात लावायची ह्यांची छाती होत नाही. तुझं “नको नको” पत्रही काल आलं. ते त्यांनी वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. तू त्यांना काहीतरी लिही. रागाचं लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

मामी

डोंगरावरून, ७ मार्च

मामी, तू धन्य आहेस.

मामा, मामीचं बरोबर आहे. तो सेल म्हणजे यंत्राची आठवण. आपण घातलेले आकडे यंत्र त्याच्या जिवावर लक्षात ठेवतं. तुमचा १.८० त्याच्या डोक्यात होता, म्हणून ते प्रत्येक वेळी तिथेच अडखळत होतं. सेल काढला आणि सगळं विसरून ते कारखान्यातून आलं तसं झालं. माहेरी आल्यासारखं. तारीखही त्यातच गेली.

मी रागावलेली नाही. होते, पण जीप येईपर्यंत आठवडा जातो, तेवढ्यात राग शिळा होतो. चिप वाचली हे आपलं नशीब. बहुतेक वाचत नाहीत. मात्र थोडी झिजली असणार. पूर्वी १.२५ वर जे चालायचं त्याला आता थोडं जास्त लागेल.

हिशोब केला. मधले दिवस गेले. पहिली फिल्म तेवढी वेळेत पुरी होईल. दुरुस्त्या बसत नाहीत. राहू देत. बिनव्हॉल्व्हचा बॉयलर जाऊ दे. पट ३६ वरून पुन्हा चढवायचा असेल तर एकेक पायरी. प्रत्येक पायरीवर दिवसभर चालवून बघायचं. यंत्र अडकलं तर व्होल्टेज केसाएवढं वाढवायचं. ऐंशी आणि १.३०, हे दोन्ही आधी तुमच्याकडून पाठ करून घ्यायचे होते ते मी विसरले.

बढती बारा वर्षांनी मिळते.

भिंगरी

घरून, १८ मार्च

चि. भिंगरी,

चाचणी घेताना निरीक्षकाकडून बॉयलरला इजा झाली, तर अहवाल त्या निरीक्षकानेच लिहायचा असतो. सोबत जोडला आहे. निष्कर्ष: निरीक्षक जबाबदार.

तुझ्या पद्धतीने चढवलं. ३८ निघालं. ४० ला जुन्या १.२५ वर यंत्र अडकलं. १.२७ दिल्यावर चाललं. ४१ ला १.२९. बाजूचं झाकण काढलेलं, समोर टेबलफॅन, खिडक्या उघड्या, बोका हद्दपार. मामी शाल घेऊन केक करते आहे. पीठ फुगत नाही म्हणून माझ्याशी बोलत नाही. तापमान एकोणऐंशी.

४२ ला १.३० वर अडकतं. १.३३ दिले तर बहुधा चालेल. दिले असते तर सगळ्या दुरुस्त्या बसल्या असत्या. बोट बटणावर होतं. दिले नाहीत.

त्यामुळे असं ठरवलं आहे. व्हॉल्व्ह आणि लाल रेघ एकाच दृश्यात आहेत, ते दृश्य पुन्हा निघतं. फायरमनचं निघत नाही. तो समोरच उभा राहील. मला ते दिसत राहील, पण मर्यादा ती मर्यादा. फिल्म तीस तारखेला पुरी होईल. एकतीसला मी स्वतः संस्थेत नेऊन देतो. पोचपावती घेईन.

आता नोकरीविषयी. ती मी शोधली, कारण तिथे तुला काही होणार नाही असं मला वाटलं. अजून वाटतं. पण बॉयलर सगळ्यात लवकर कधी गंजतो ते तुला सांगायचं राहिलं. चालताना नाही. बंद ठेवला की.

एवढंच तयार झालं.

मामा

डोंगरावरून, २६ एप्रिल

प्रिय मामा, मामी,

घेतलं! मला घेतलं!

मुलाखतीहून थेट वर आले, निकाल आज जीपबरोबर आला. मुलाखतीला समितीत चार जण होते. त्यांतल्या बाई म्हणाल्या, “तुमची माणसं लाकडी आहेत. चालतात ती बांबूवर चालल्यासारखी.” मग म्हणाल्या, “पण बॉयलर जिवंत आहे. तो श्वास घेतो. हे कुठून आलं?” मी म्हटलं, “ऐकून.”

मग कोपऱ्यातले एक म्हातारे कॅमेरामन म्हणाले, “मी तरुणपणी गिरणीत होतो. तुमचा फायरमन दारासमोर उभा आहे. असं कोणी उभं राहत नाही.”

मामा, मी तुमचं नाव घेतलं नाही, पण वाक्य चोरलं. म्हटलं, “राहतो, सर. एकदाच.”

ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

जूनमध्ये जायचं आहे. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. राजीनामा कसा लिहितात?

भिंगरी

घरून, ५ मे

चि. भिंगरी,

राजीनाम्याचा मसुदा सोबत आहे. तुझ्या साहेबांना खुलासे आवडतात, म्हणून थोडा लांब केला आहे.

माणसं लाकडी आहेत हा दोष म्हणून सुधारू नकोस. मी मामीला आरशासमोर चालून दाखवलं. ती म्हणाली, अगदी बरोबर काढलंय.

आता ते यंत्र तू बरोबर नेशील. त्याच्यावर पितळी पट्टी लावली आहे. ठोकणार होतो, पण चिकटवली. मजकूर असा:

कमाल व्होल्टेज १.२९.
कमाल तापमान ८०.
बोका बसू देऊ नये.
दीडपट चाचणी झाली आहे. पुन्हा घेऊ नये.

खाली माझा शिक्का आहे. निवृत्त माणसाने शिक्का मारायचा नसतो. मारला.

मामा

कडेला मामी: दुसरी पट्टी माझ्या वजनकाट्यावर लागली आहे. ‘ह्यातील सेल सेवेत आहे. काढू नये.’ हे रोज सकाळी काट्याला हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकतात आणि कान लावतात. मी विचारत नाही, काय म्हणतो म्हणून. तू जाशील तेव्हा यंत्राची जागा रिकामी होईल. पीठ कुठे फुगवायचं ते तेवढं कळव.